कचऱ्याचे कौतुक

नीट उत्तर मिळाले की आनंद कोणालाही होतो. मला मात्र पडद्यावर केरकचरा उमटला तरी हायसे वाटते. ही सवय लावली एका जुन्या मोडेमने.

२००० सालच्या सुमारास वैतरण्याला आमच्या घरी इंटरनेट येई ते दूरध्वनीच्या तारेतून. संगणकाच्या अंकांचा आवाज करायचा आणि पलीकडच्या आवाजाचे पुन्हा अंक, हे मोडेमचे काम. संगणकावर युनिक्सच्या कुळातले लिनक्स होते. युनिक्सचा जन्म १९६९चा. तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी. दोघांचेही अंतरंग गूढच. पण लिनक्स निदान उघडून तरी पाहता येते!

मोडेम जोडायचा सिरीयल पोर्टला. ही शेताच्या बांधावरची वाट; अक्षराचे बिट तिच्यावरून एकामागून एक जातात. ठोका देणारी वेगळी तार नसते, ज्याने त्याने आपल्या घड्याळावर चालायचे. म्हणून दोन्ही टोकांचा वेग एक हवा. अक्षराचे बिट सात की आठ, मागे पडताळणीचा बिट आहे की नाही, हेही आधी ठरलेले हवे.

मोडेमला 'एटी' म्हटले की त्याने 'ओके' म्हणायचे. नाही म्हणाला, तर नवशिका त्याला मेला म्हणून मोकळा होतो. पण गप्प बसण्याला कारणे पुष्कळ असतात. केबल सैल असेल. पोर्ट भलतेच धरले असेल. डॉसमधले पहिले पोर्ट लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचे. दुसराच कार्यक्रम पोर्ट अडवून बसला असेल. कधी तर लग्नातल्या मानपानासारखा प्रकार होतो. पलीकडचा सूर लागल्याखेरीज पोर्ट उघडत नाही, आणि पोर्ट उघडून नंबर फिरवल्याखेरीज सूर लागत नाही! मग 'सीलोकल' असे लिहून संगणकाची समजूत घालायची, की बाबा, सुरासाठी अडून बसू नकोस.

अशी खटपट चालली असता एकाएकी पडद्यावर कंस, चौकोन, प्रश्नचिन्हे यांचा सडा पडतो. इथे निम्मे काम झाले. तार शाबूत आहे, पोर्ट बरोबर आहे, पलीकडे कोणी बोलते आहे. जुळत नाही तो बहुधा वेग. निम्मी अक्षरे नीट आणि निम्मी विचित्र आली, तर वेगही जुळला. घोळ पडताळणीच्या बिटात. 'एसटीटीवाय' या आज्ञेने आकडे बदलावेत, १९२०० नाही तर ९६०० करून पाहावे.

आमच्याकडे पहिलीत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी वारली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांच्या कानाला नवी. विचारावे एक आणि उत्तर भलतेच यावे. अशा उत्तराला भोपळा देण्याची रीत आहे. मला मात्र त्यात पलीकडे कोणी बोलत असल्याची खूण दिसते. मोडेमला आज्ञा देऊन वेग बदलता येतो. सहा वर्षांच्या पोराला येत नाही. म्हणजे आकडे मास्तरानेच बदलायचे.

यंदा एका मुलीने गाईच्या चित्राला आपल्या बोलीतले नाव दिले. मी फळ्यावर आधी तिचा शब्द लिहिला, शेजारी पुस्तकातला. मुलगी दोन्ही वाचून हसली. दिवाळी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जातील, आणि बहुधा तीही. हातात दिवस थोडे आहेत. पण तार शाबूत आहे.