तेलाचा लाल दिवा

आपल्या होस्टेलच्या भिंतींवर फेरारी आणि लॅम्बोर्गिनी पुष्कळ आहेत. आमच्या घरी मात्र १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. रंग पांढरा (म्हणजे मूळचा!). तिला मी 'स्पोर्ट्स कारच्या घराण्यातली' म्हटलं की माझी रूममेट कॉटवर लोळून हसते. म्हणून आधी हा हिशोब मिटवून टाकते.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ही मापं फियाटने १९३७ साली आपल्या ११०० मॉडेलसाठी ठरवली. महायुद्धानंतर इटलीतल्याच चिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीने ह्याच जातीचं इंजिन जरा तापवलं, त्यावर पिनिनफरिनाची बॉडी चढवली आणि '२०२' काढली. १९४७ सालच्या मिले मिल्या शर्यतीत ताझियो नुवोलारी तिची उघडी आवृत्ती घेऊन दुसरा आला. बंद टपाची २०२ तर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जाऊन बसली. आणि त्याच घराण्याचं इंजिन आपल्याकडे काळ्या-पिवळ्या टॅक्सीत भाडी मारत राहिलं, थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत. एक बहीण म्युझियममध्ये, दुसरी दादर स्टेशनबाहेर. आता हसा.

तर, आजोबा कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये मशीन शॉपला होते. डोंबिवलीहून रोज लोकलने कुर्ला, तीच लोकल परत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. नंतर कल्याण-शीळ रस्त्यालाही तिचा कारखाना झाला, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनायची. आजोबांच्या तोंडी अजून 'आमची कंपनी' असतं, जणू उद्या सकाळी पाळी लागणार आहे.

मागच्या पावसाळ्याआधी काका त्याच कल्याण-शीळ रस्त्यावरून गाडी आणत होता. आजोबा शेजारी, मी मागे. सिग्नलला डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. वेग घेतल्यावर विझला, मग पुन्हा लागला आणि ह्या वेळी विझेना. पाठोपाठ इंजिन आतून ठोकायला लागलं. काकाला वाटलं, पेट्रोल पंपापर्यंत जाऊ. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. हात पुढे करून त्यांनी चावीच बंद केली. पुढे इंजिन खोलल्यावर मेस्त्री म्हणाला, "ताई, अजून दोन किलोमीटर गेला असतात तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता."

घरी आल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. दिवाळीपर्यंत कंपाउंड रिकामं करायचं होतं. बाबांचं म्हणणं सरळ होतं : भाड्याच्या घराला पार्किंग नाही, २०२७ ला रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं, त्यात इंजिनचा खर्च. भंगारवाला येऊन बघूनसुद्धा गेला. बाबा चुकीचं बोलत होते असं मी म्हणणार नाही, घरभाडं शेवटी तेच भरणार. आजोबा गप्पच. फक्त एवढं म्हणाले, "खोलून तर बघू. क्रँक गेला असेल तर मीच भंगारवाल्याला फोन करीन."

म्हणजे सगळं क्रँकवर आलं.

चेंबर (पुस्तकातला 'संप') काढल्यावर तळाला काळा, खरवस जमावा तसा गाळ. लॉकडाऊनमध्ये गाडी फारशी हललीच नव्हती, नंतरही बाजारापुरती. इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ तेलात मुरते आणि हा गाळ तयार होतो. पंपाची जाळी अर्धी बुजलेली. रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याचा कण अडकून उघडाच राहिलेला, म्हणजे पंप जे तेल ढकलत होता ते वरच्या वर परत चेंबरमध्ये. पंपाच्या झाकणावर गिअरनी घासून गोल चरे पाडलेले. आणि बिगएंडच्या बेअरिंगचा मुलायम थर पुसून गेलेला. पंपाच्या दुखण्याची शिक्षा बेअरिंगला.

इथे मशीन डिझाईनचा तास आठवला. जर्नल बेअरिंगमध्ये शाफ्ट पंपाच्या दाबावर तरंगतो असं आपल्यापैकी निम्म्यांना वाटतं. तसं नाही. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोचँप टॉवर रेल्वेच्या आखाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने वरून एक भोक पाडलं, तर त्यातून तेल वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी प्रेशर गेज लावला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे. बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पौंड! फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून पाचरीसारखा दाब तयार करत होता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं, तेच आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. पंपाचं काम एवढंच, की त्या पाचरीला तेल कमी पडू द्यायचं नाही. ते कमी पडलं की काय होतं ते मी बोटाने चाचपून पाहिलं. क्रँकपिनवर नख अडकत होतं.

क्रँक २००४ साली एकदा 'वीस'ला घासलेला होता, म्हणजे इंचाच्या हजारांश भागातले वीस. आता 'तीस'मध्ये चरे जातात का, हा प्रश्न. क्रँक गोणपाटात बांधून काका आणि मी लगेज डब्यातून ठाण्याला निघालो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा... प्रत्येक स्टेशनला कोणी ना कोणी विचारलं, आत काय आहे. एका मावशींनी तर पाटी सरकवून जागा करून दिली, "पाय नको मोडून घेऊस बाय" म्हणत. वागळे इस्टेटमधल्या ग्राइंडिंगवाल्याने क्रँक घेतला आणि काकाकडे बघून विचारलं, "कितीला मारू?" काकाने माझ्याकडे बघितलं. मी आदल्या रात्री चारी पिना मायक्रोमीटरने दोन-दोन दिशांना मोजून वहीत लिहिल्या होत्या. वही पुढे केली. त्याने स्वतः पुन्हा मोजलं (बरोबरच केलं) आणि म्हणाला, "तीसमध्ये साफ होईल." नंतर त्याने चहा मागवला, तो तीन कप.

मला सगळ्यात आवडलं ते साफ करणं, आणि त्याबद्दल पुस्तकात एक ओळही नसते. झिजलेल्या बेअरिंगचा चुरा तेलाबरोबर सगळ्या वाटांनी फिरलेला असतो. तो आत राहिला तर नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब. म्हणून ब्लॉकमधल्या गॅलरीचे प्लग काढायचे, क्रँकमधली तिरपी भोकं मोकळी करायची. एवढा बारीक ब्रश कुठून आणायचा? आईने भाचीच्या सिपरची स्ट्रॉ धुवायचा ब्रश दिला. डिझेल, मग गरम साबणाचं पाणी, मग टायरवाल्याकडची हवा आणि गंज धरायच्या आत लगेच तेलाचा हात. आजोबा जुन्या धोतराची पांढरी चिंधी तारेला बांधून गॅलरीतून ओढायचे आणि उजेडात धरायचे. करडी दिसली की, "पुन्हा." सात वेळा पुन्हा. कॉन्व्हेंटच्या सिस्टरसुद्धा वह्या तपासताना एवढ्या कडक नव्हत्या.

पंपाचं झाकण आजोबांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात घासून सपाट केलं. ऐंशी वर्षांचे हात चहाचा कप धरताना कापतात, ते इथे कापले नाहीत. बेअरिंग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिसऱ्या दुकानात मिळाली. बाबा पैशांबद्दल काही बोलले नाहीत, पण एका रविवारी खाली येऊन टॉर्च धरून उभे राहिले.

सुरू करायच्या दिवशी आधी स्पार्क प्लग काढून ठेवले. कोरडा पंप तेल ओढत नाही, म्हणून बसवतानाच त्यात तेल भरलं होतं. काकाने स्टार्टर मारला. प्लग नसल्यामुळे इंजिनावर भार नाही, नुसतं फिरतंय. पाच सेकंद, लाल दिवा चालू. थांबलो. परत पाच. चालू. कंपाउंडमध्ये बिल्डिंगमधले आठ-दहा जण जमले होते, भंगारवाल्याचा माणूसही त्यात. आजोबा दिव्याकडे बघतच नव्हते, त्यांनी व्हॉल्व्हच्या झाकणाखाली रॉकरवर डोळे लावले होते. चौथ्या वेळी ते म्हणाले, "आलं." मी रॉकरच्या भोकातून तेलाचा थेंब फुगताना पाहिला आणि मागून काका ओरडला, "दिवा गेला!"

प्लग लावले. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. ठोकणं नाही.

बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "पहिलं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?"

"पाचशे," आजोबा म्हणाले.

सध्या गाडी मामाच्या बदलापूरच्या घराच्या आवारात आहे, ताडपत्रीखाली. मीटरवर तीनशे बारा झालेत.

— टी. ई. मेकॅनिकल