राजदूताचे छंद

6 जानेवारी 2013 रोजी फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावात मदनजीत सिंग वारले. वय होतं 88. मी ही बातमी चार मित्रांना सांगितली, तर चौघांनीही विचारलं, "हे कोण?" आम्ही पाचही जण औरंगाबादचे. म्हणजे अजिंठ्याच्या अंगणातले. आणि अजिंठ्याची चित्रं जगभरच्या वाचकांच्या टेबलावर नेऊन ठेवणाऱ्या माणसांपैकी हे एक. म्हटलं, यांच्याविषयी एकदा लिहायला हवं.

मी त्यांना कधी भेटलो नाही. ओळख झाली ती पुस्तकातून. कॉलेजात असताना लायब्ररीच्या बंद कपाटात एक भलंमोठं पुस्तक होतं. ते घरी न्यायला मिळत नसे, तिथेच बसून बघावं लागे. युनेस्कोने 1954 मध्ये जगातल्या कलेवर एक ग्रंथमाला सुरू केली, तिचं हे पहिलं पुस्तक. विषय होता अजिंठ्याची चित्रं. प्रास्ताविक पंडित नेहरूंचं आणि प्रस्तावना मदनजीत सिंग यांची. शाळेच्या सहलीत मी पद्मपाणी पाहिला होता, पण कसा? अंधारात, गर्दीत, गुरुजींच्या "चला पुढे" या हाकेत. पुस्तकात तो पहिल्यांदा निवांत बघायला मिळाला. झुकलेली मान, हातातलं निळं कमळ, खाली वळलेली नजर. आपल्या घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हे आहे आणि ते आपल्याला नीट दाखवतंय कोण, तर एक सरदारजी, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

नंतर कळलं की नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. अजिंठा हा कायमच असा सगळ्यांचा राहिला आहे. लेणी बौद्धांची. 1819 मध्ये ती पुन्हा उजेडात आली, ती एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे. निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेल्या गुलाम याझदानींनी या चित्रांचे चार मोठे खंड सिद्ध केले. त्याआधी चित्रांच्या डागडुजीसाठी निजामाने इटलीहून कारागीर आणवले होते. त्याच रांगेत हा लाहोरचा माणूस येऊन उभा राहिला.

हो, लाहोरचा. 16 एप्रिल 1924 चा जन्म. 1942 च्या चले जाव आंदोलनात ते तुरुंगात गेले. पाच वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि त्यांचं जन्मगाव परक्या देशात गेलं. तरुण मदनजीत निर्वासितांच्या छावण्यांमध्ये काम करू लागले. पुढे इटलीच्या सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. रोमला जाऊन त्यांनी कलेचा अभ्यास केला आणि भारतीय शिल्पांवरचं पुस्तकही तिकडेच काढलं. भारतीय परराष्ट्र सेवेत ते 1953 मध्ये आले. साल लक्षात घ्या. अजिंठ्याचं पुस्तक 1954 चं. म्हणजे त्यामागची मेहनत नोकरीच्या आधीपासूनची. आधी छंद लागला, सरकारी खुर्ची मागून आली.

या खुर्चीने त्यांना इटलीपासून युगांडापर्यंत आणि कोलंबियापर्यंत फिरवलं. बदलीची नोकरी म्हणजे काय हे सरकारी घरात वाढलेल्याला सांगायला नको. सामान सुटतं न सुटतं तोच पुन्हा बांधायचं. पण या माणसाची चित्रं, कॅमेरा आणि लेखन कुठल्याच बदलीत मागे राहिलं नाही. 1965 मध्ये अजिंठ्यावर आणखी एक मोठं पुस्तक आलं. 1968 मध्ये हिमालयातल्या कलेवर आलं. त्यासाठी लडाख, लाहौल-स्पिती, नेपाळ, सिक्कीम, भूतान इथल्या मठांच्या भिंतींपर्यंत जावं लागतं, ती कचेरीत बसून लिहिण्याची गोष्ट नव्हे.

इथे मला आमचे अब्बा आठवतात. ते महसूल खात्यात कारकून. मराठी आणि उर्दू, दोन्ही अक्षरं मोत्यासारखी. बोरू आणि शाई घेऊन बसले की आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. गणेश मंडळाची पाटी असो की उरुसाचा फलक, लोक त्यांच्याकडेच यायचे. पण दुसऱ्यांच्या पाट्या लिहिता लिहिता त्यांचं स्वतःचं काही करायचं राहून जायचं. अम्मी म्हणायची, "तुम्ही तुमच्यासाठी पण काहीतरी लिहा." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "रिटायर झालो की निवांत बसेन." रिटायर झाले तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि हात कापू लागला होता. दोनच वर्षांत ते गेले. आपल्याकडे छंद हा असा पेन्शनच्या कागदांना टाचून ठेवलेला असतो.

मदनजीत सिंगांनी निवृत्तीनंतर काय केलं ते म्हणूनच बघण्यासारखं आहे. 1982 मध्ये ते पॅरिसला युनेस्कोत गेले. जगभरच्या संस्कृतींनी सूर्याकडे कसं पाहिलं, यावर त्यांनी 1993 मध्ये एक देखणं पुस्तक काढलं. देवळांतला, चित्रांतला, लोककथांतला सूर्य शोधता शोधता ते सौरऊर्जेपाशी पोहोचले आणि 1998 मध्ये त्यावरही पुस्तक लिहिलं. छंद माणसाला कुठून कुठे नेतो बघा! 1995 मध्ये, गांधीजींच्या जन्माला 125 वर्षं झाल्याच्या निमित्ताने, युनेस्कोने त्यांच्या देणगीतून सहिष्णुता आणि अहिंसेसाठी एक पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार 1996 मध्ये रवांडातल्या स्त्रियांच्या एका संघटनेला मिळाला. तिथला नरसंहार होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती त्यांची 2000 सालची गोष्ट. त्यांनी साउथ एशिया फाउंडेशन स्थापन केलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान, श्रीलंका असे आपले सगळे शेजारी त्यात आहेत. एका देशाच्या मुलांनी दुसऱ्या देशात जाऊन शिकावं म्हणून शिष्यवृत्त्या ठेवल्या. चेन्नईत पत्रकारिता, श्रीनगरात काश्मीरचा अभ्यास, पुदुच्चेरीत दक्षिण आशियाई सहकार्य. आणि कलाशिक्षण कुठे? लाहोरला.

ज्या शहरातून उखडले गेलो त्या शहराविषयी मनात राग ठेवून जगणारी माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. त्यांना दोष देता येत नाही, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आमच्याही नात्यातली काही माणसं त्या धामधुमीत कराचीला गेली. आधी पत्रं यायची, मग ईदचं कार्ड, मग तेही थांबलं. आमच्या घरी लाहोर-कराचीचं नाव निघालं की आवाज आपोआप खाली येतो. आणि हा माणूस त्याच लाहोरमध्ये चित्रकला शिकायची सोय करतो. ही उमेद त्यांच्यात कुठून आली असेल? मला वाटतं, छंदातून. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या भिंतींवरची चित्रं इतक्या मायेने पाहिली, त्याला एखादं गाव कायमचं परकं मानणं जमणारच नाही.

कुणी म्हणेल, राजदूताला हे परवडतं, त्याच्याकडे ओळखी असतात, पैसा असतो. खरं आहे. कारकुनाने शिष्यवृत्त्या कुठून वाटाव्यात? पण छावणीत काम करणाऱ्या त्या निर्वासित तरुणाकडे यातलं काही नव्हतं. डोळा होता आणि हौस होती. बाकीचं मागून आलं, आणि आलं तेव्हा त्यांनी ते वाटून टाकलं.

इदी अमीनच्या काळातल्या युगांडाविषयीचं त्यांचं पुस्तक 2012 मध्ये निघालं. तेव्हा ते 88 वर्षांचे होते. पुढच्याच जानेवारीत ते गेले. अखेरपर्यंत हातात काम होतं. "रिटायर झालो की" हे शब्द तुमच्याही तोंडात असतील, तर या माणसाची तारीखवार कहाणी एकदा वाचा. आणि पेटी असो, रंग असोत की बोरू, माळ्यावरून या रविवारीच खाली काढा.