अम्मींच्या बाजूचा दरवाजा

अब्बांनी घेतलेली पांढरी मारुती ८०० आमच्या घरी अजून आहे. हे मॉडेल १९८३ साली रस्त्यावर आले आणि २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आमची गाडी २००५ची. अब्बा गेले, गाडी राहिली. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. चिपळूणच्या पावसात शाळा, बाजार, दवाखाना सगळे तिच्यावरच चालते. गाडी विकण्याचा विषय निघाला की अम्मी गप्प होतात आणि विषय तिथेच संपतो.

गेल्या पावसाळ्यात डाव्या बाजूचा पुढचा दरवाजा नीट लागेना. ही अम्मींची जागा. गुडघ्यांमुळे त्यांना मागे बसणे जमत नाही. दरवाजा लावला तरी खडखडायचा, वरच्या कोपऱ्यातून पाणी आत यायचे. "अम्मी, जरा जोरात ओढा ना," आम्ही म्हणायचो. त्या ओढायच्या. पुन्हा खडखड. मग आमच्यापैकी कुणीतरी वैतागून उतरायचे, वळसा घालून जायचे आणि दरवाजा दाणकन आपटायचे.

एका रविवारी आम्ही स्वतःच पेचकस हाती घेतला. दरवाज्याचे लॉक खांबावरच्या ज्या कडीत अडकते ती कडी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. दरवाजा खाली उतरलाय, तर कडीही खाली सरकवू, असा सोपा हिशेब केला. दरवाजा लागला. चार दिवस आम्ही स्वतःवर खूश होतो.

पुढच्या आठवड्यात अम्मींना डॉक्टरांना दाखवायला कुंभार्ली घाटातून कराडला निघालो. वाटेत वाऱ्याची शिट्टी ऐकू येत होती, पण आम्ही काच वर करून गप्पा मारत राहिलो. कराडला उतरताना अम्मींच्या तळहातावर लाल वळ दिसला.

"हे काय, अम्मी?"

"काही नाही. दरवाजा धरून बसले होते. वळणावर हलत होता ना."

पूर्ण घाटभर! पट्टा लावलेला होता एवढेच नशीब. "सांगितलं का नाही?" असे विचारल्यावर म्हणाल्या, "पुन्हा म्हणाला असतात, नीट ओढला नाही." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

परतल्यावर गाडी थेट डेंटिंगवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी दरवाजा उघडला आणि मागची कड दोन्ही हातांनी वर उचलली. ती चांगली बोटभर हलली. "सर, दरवाजा कब्ज्यात पडलाय. तुम्ही बिचाऱ्या कडीला कशाला छळलंत?" वरच्या कब्ज्याची पिन झिजली होती, बोल्टही सैल झाले होते. गाडीच्या दरवाज्याचे लॉक दोन टप्प्यांत बसते, हेही त्यांनी सांगितले. पहिल्या टप्प्यात दरवाजा लागल्यासारखा वाटतो, पण खडखडतो; दुसऱ्या टप्प्यातच तो पक्का होतो. आमचा दरवाजा पहिल्यावरच अडत होता.

मग त्यांनी विचारले, "बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा आधी पडतो, तो जास्त वापरतात म्हणून. तुमचा हा का पडला? याला धरून कोण उठतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अम्मी उठतात. उघड्या दरवाज्यावर सगळा भार टाकून, दोन-तीन झोके घेऊन. हे आम्ही रोज पाहत होतो आणि तरीही पाहत नव्हतो. त्या उठेपर्यंत आमच्यातला एक डिकीतून पिशव्या काढत असायचा, दुसरा मोबाइलवर असायचा.

चाचांनी आधी कडी पूर्ण काढून टाकली, म्हणजे दरवाजा आपल्या आपण कुठे लटकतो ते दिसते. कब्ज्याच्या जुन्या जागेभोवती खडूने खूण केली. पिन बदलली. मग दरवाज्याखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर जुने गोणपाट ठेवून दरवाजा अगदी थोडा उचलला आणि बोल्ट आवळले. चारी बाजूंची फट डोळ्यांनी मापली. पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले. सगळ्यात शेवटी कडी बसवली. नंतर रबर आणि चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून दरवाजा लावला आणि पट्टी ओढून पाहिली. जिथे ती सहज निघेल, तिथून पाणी येणार. वरच्या कोपऱ्यात सुटली, म्हणून आणखी एकदा जॅक लावला.

"पहिल्यांदा दरवाजा, मग कडी," ते हात पुसत म्हणाले. "लोक उलटं करतात."

आम्ही घरातही उलटेच केले होते. दुखत होते अम्मींच्या गुडघ्यात, आणि आम्ही त्यांच्या हातातला जोर वाढवायला सांगत होतो. वर्गात मागे पडणाऱ्या मुलावर आवाज चढवण्याआधी त्याच्या घरी काय चाललंय ते पाहा, हे बी.एड.ला आम्ही दोघेही शिकलो. घरी ते लागू करायचे राहून गेले.

आता गाडी थांबली की आमच्यापैकी एक आधी उतरतो आणि अम्मींपुढे हात धरतो. सवयीने त्यांचा हात अजूनही दरवाज्याकडे जातो, मग आमच्याकडे वळतो. हात धरल्यावर कळते की त्यांना उठायला किती जोर लागतो. दरवाज्याला हे आमच्या आधी कळले होते.

तुमच्याही घरी जुनी गाडी असेल आणि एखादा दरवाजा उतरला असेल, तर पेचकस हाती घेण्यापूर्वी एवढे जरूर पाहा, त्याला धरून उठते कोण?

परवा अम्मींनी दोन बोटांनी दरवाजा ढकलला. बारीकसा 'टक्' आवाज झाला आणि तो लागला. "बघा," त्या म्हणाल्या, "मी नीटच लावत होते."