दोन धारांच्या मधला एक दिवस

दुभत्या जनावरांच्या घरात रविवार नसतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पहाटेची धार आणि संध्याकाळची धार या दोन खुंट्यांना आपला दिवस बांधलेला असतो. म्हणून लग्नाला जायचे असो, जत्रेला जायचे असो की मुलांना काही दाखवायला न्यायचे असो, घरातले एक माणूस मागे राहतेच. ते माणूस कोण, हेही आपल्याला ठाऊक आहे. बहुधा घरची सून, नाहीतर म्हातारी आई. मुले रात्री परत येतात, पाहिलेल्या गमती सांगतात. ती भाकरी थापता थापता ऐकते आणि म्हणते, "येईन की पुढच्या खेपेला." ती पुढची खेप काही येत नाही.

यंदा ती खेप आणायची, असे ठरवा. सगळ्या घराने मिळून एक दिवस बाहेर काढायचा, आणि तोही मुलांचा हट्ट पुरवील अशा ठिकाणी. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच असे ठिकाण आहे. शिर्डीचे साईतीर्थ. नाव तीर्थाचे असले तरी हे मंदिर नव्हे. सिनेमा, हलणारे पुतळे आणि फिरते देखावे यांचे ते उद्यान आहे. तिथे आजीला कंटाळा येत नाही आणि नातवालाही येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

सिनेमाच्या पडद्यावरची दुनिया खरीखुरी उभी करावी आणि माणसांना तिच्यात फिरवून आणावे, ही कल्पना जगभर नेली अमेरिकेच्या वॉल्ट डिस्ने या चित्रपटवाल्याने. तो स्वतः सांगत असे की, सुट्टीच्या दिवशी मुलींना घेऊन तो बागेत जाई. मुली चक्रात बसत आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसून राही. मुलांनी खेळायचे आणि आईबापांनी नुसते बघत बसायचे, हे त्याला पटेना. सगळ्या घराने एकत्र मजा करावी अशी जागा हवी, असे त्याने मनाशी धरले. मग कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावी संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेऊन त्याने डिस्नेलँड उभे केले. ते १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. पुढे देशोदेशी अशी उद्याने निघाली. सगळ्यांचे मूळ त्या एका बाकावर आहे. आपल्या घरातली बाई तर त्या बाकापर्यंतही पोचत नाही, ती गोठ्यातच राहते.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, मुलांना खोपोलीच्या इमॅजिकाला जायचे आहे. हट्ट चुकीचा नाही. रायगड जिल्ह्यातले हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. ते काढले मनमोहन शेट्टी यांनी. तेही मूळचे चित्रपट व्यवसायातले. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया' या चित्रपटावर बेतलेला एक खेळही त्यांनी तिथे बसवला. गरागरा उलटेसुलटे नेणारे पाळणे तिथे आहेत. २०२२ साली त्या उद्यानाचा कारभार आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आला. पण हिशेब करा. नगरहून पुणे १२० किलोमीटर आणि तिथून खोपोली आणखी पाऊणशे. जाऊन येऊन चारशे किलोमीटर झाले. पहाटेची धार काढून निघाल्यावर संध्याकाळच्या धारेला परत येणे काही केल्या शक्य नाही. शिवाय तिथली निम्मी गंमत तरण्या पोरांची. तेव्हा इमॅजिका कॉलेजातल्या मुलांना मित्रांबरोबर पाहू द्या. सगळ्या घराचा दिवस असेल, तर शिर्डी.

साईतीर्थही मालपाणी समूहाचेच आहे. तिथे काय पाहाल?

'लंका दहन' हा त्यातला मुलांचा लाडका खेळ. याला फाइव्ह-डी म्हणतात. म्हणजे डोळ्यांना चष्मा लावून चित्र पाहायचे आणि चित्रात जे घडते ते अंगालाही जाणवायचे. मारुतीने झेप घेतली की आपली खुर्ची हलते, वारा अंगावर येतो. लहान मुले आधी दचकतात आणि मग पुन्हा एकदा पाहायचे म्हणतात. या गोष्टीचे आपल्या मुलखाशी जुने नाते आहे, ते मुलांना जरूर सांगा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी १९१७ साली 'लंका दहन' नावाचाच मूकपट काढला होता. त्या काळी बायका सिनेमात सहसा काम करीत नसत. म्हणून अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. त्या साली साईबाबा शिर्डीत हयात होते. पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला त्यांनी देह ठेवला. शंभर वर्षांपूर्वी ज्या गोष्टीने लोकांना पडद्यापुढे खिळवले, तीच गोष्ट आज नातवंडे हलत्या खुर्चीत बसून बघतात.

'सबका मालिक एक' हा बाबांच्या जीवनावरचा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी १९७७ सालचा सुधीर दळवींचा 'शिर्डी के साईबाबा' पाहिलेला असेल. जत्रेतल्या तंबूत, मातीवर पोते अंथरून सिनेमे पाहिलेली ती पिढी आहे. तिला गार हवेत मऊ खुर्चीवर बसून हा चित्रपट बघताना पाहणे, हेच घरच्यांना एक सुख आहे.

'द्वारकामाई' या खेळात बाबांची मूर्ती बोलते. आत बसवलेल्या यंत्रांनी मान, डोळे, हात हलतात आणि आवाजाशी त्यांचा मेळ घातलेला असतो. भाविक हात जोडतात. पोरे मात्र हे चालते कसे म्हणून विचारून विचारून बेजार करतात. दोघांचेही बरोबर आहे. विचारणाऱ्या पोराला गप्प करू नका. उद्या तेच मोटार दुरुस्त करील.

'तीर्थयात्रा' हा फिरता देखावा. गाडीत बसायचे आणि देशातल्या प्रसिद्ध देवळांच्या प्रतिकृतींसमोरून फिरून यायचे. गुडघे धरलेल्या आजीला चार पायऱ्याही चढणे जिवावर येते. तिला हे बसल्या बसल्या घडते. तिच्यासाठी हाच खेळ सर्वांत मोठा.

उद्यानाला लागूनच पाण्यातल्या खेळांचे वेट एन जॉय आहे. पहिल्या खेपेला एका दिवसात दोन्ही करू नका. ओले कपडे, भुकेली पोरे आणि परतीची घाई यांत धड एकही होत नाही.

आता बेत कसा आखायचा ते पाहू.

पहिली गोष्ट दिवसाची. बाजरी-सोयाबीनची काढणी, कांद्याची लागण, उसाला तोड आलेली, असे दिवस टाळा. भंडारदऱ्याच्या किंवा मुळेच्या कालव्याचे आवर्तन चालू असेल तर तो आठवडा सोडाच. पाण्याची पाळी चुकली तर सहल वर्षभर टोचत राहील. शिर्डीला गुरुवार, शनिवार, रविवार फार गर्दी असते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या उत्सवांत तर पाय ठेवायला जागा नसते. मुलांच्या सुट्टीतला सोमवार ते बुधवार यांतला दिवस उत्तम. बहुतेक सगळे खेळ बंदिस्त जागेत असल्यामुळे उन्हाळ्यातही चालते. घरातून निघण्यापूर्वी उद्यानाला फोन करून त्या दिवशीच्या वेळा, तिकिटाचा दर आणि कोणते खेळ चालू आहेत हे विचारून घ्या. या गोष्टी बदलत असतात.

दुसरी गोष्ट गोठ्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागातल्या लोकांना दोन धारांच्या मध्ये शिर्डी करून येता येते. पहाटे साडेचारला धारा, सहाच्या सुमारास दूध केंद्रावर, सातला घर सोडायचे आणि दुपारी तीनला काही झाले तरी परत फिरायचे. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव, अकोले इथल्या लोकांना मात्र संध्याकाळची धार दुसऱ्यावर सोपवावी लागेल. खरे तर जवळच्यांनीही सोपवावी. नाहीतर दुपारपासूनच घरच्या बाईचे डोळे घड्याळाकडे लागतात, आणि मग ती तिथे असूनही तिथे नसते.

यासाठी आपल्याकडे जुनी रीत आहे, ती म्हणजे सावड. पेरणीला, खुरपणीला आपण सावड करतोच ना? मग धारेची सावड का करू नये? शेजारच्या घराशी बोला. एक दिवस त्यांनी तुमचा गोठा बघायचा, पुढे एक दिवस तुम्ही त्यांचा. मजुरी नाही, उपकार नाही. मात्र ऐन वेळी परक्या माणसाला गाईखाली बसवू नका. गाय नवा हात ओळखते आणि पान्हा चोरते. दूध कासेत तुंबून राहिले तर दगडी होण्याची भीती असते. म्हणून तीन-चार दिवस आधीपासून शेजारणीला संध्याकाळी बोलवा, तुमच्यासमोर तिला धार काढू द्या. यंत्राने धारा काढत असाल तरी ते कसे लावायचे, कसे धुवायचे हे दाखवून ठेवा. आदल्या सांजेला कुट्टी करून ठेवा, पेंड मापून वेगवेगळ्या घमेल्यांत काढा, हौद भरून ठेवा. कोणती गाय लाथ मारते, कोणती गाभण आहे, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर काय, हे कागदावर लिहून गोठ्याच्या खांबाला लावा. गाय आजच-उद्या व्यायला झाली असेल तर बेत आठ दिवस पुढे ढकला. त्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट प्रवासाची. नगरहून शिर्डी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे. हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्या असतात, तेव्हा अर्धा-पाऊण तास जास्त धरा. एसटीने गेलात तर घरातल्या माणसांचा फायदा पाहा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे आहे. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून फुकट प्रवास मिळतो आणि पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना निम्मे भाडे. आधार कार्ड बरोबर असू द्या. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट आहे. हिशेब केलात तर घरात पूर्ण भाडे देणारा बहुधा एकटा यजमानच निघेल!

चौथी गोष्ट तब्येतीची. हलत्या खुर्चीचा खेळ गरोदर बाई, हृदयविकाराचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, पाठीचे दुखणे असलेले यांनी टाळावा. अगदी लहान मूल अंधाराला घाबरत असेल तर एकाने त्याला घेऊन बाहेर थांबावे. पण दर वेळी तीच एक बाई थांबणार नाही, एवढे बघा. पाळी लावा. रोजच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि मुलाच्या खिशात बापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, या तीन गोष्टी विसरू नका. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत असा बहुतेक उद्यानांचा नियम असतो. म्हणून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी यांची शिदोरी आत जाण्याआधीच सोडा. दुपारी बाहेर पडल्यावर साईसंस्थानचे प्रसादालय आहेच. हजारो माणसांचा स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेच्या वाफेवर व्हावा म्हणून तिथे २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या. शाळेतल्या मुलांना हे जरूर सांगा.

दर्शनाचे काय? रांगेला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. दर्शन आणि उद्यान दोन्ही एकाच दिवशी करायला गेलात तर दोन्हीकडे घाईच होईल. गर्दी कमी दिसली तर मुखदर्शन घ्या, नाहीतर कळसाला हात जोडा. दर्शनाला वेगळ्या दिवशी या.

शेवटची गोष्ट पैशांची. पीककर्जाच्या पैशाला यासाठी हात लावू नका. दुधाच्या दोन-तीन पगारांतून थोडे थोडे बाजूला काढा. तिकिटे, भाडे, खाणे आणि मुलांचा हट्ट असे चार भाग आधीच करा. हट्टाचे पैसे मुलांच्या हातात द्या आणि सांगा, एवढेच आहेत. मग ती तुमच्यापेक्षा काटकसरीने खर्च करतात, हे तुम्हाला दिसेल.

आणि हो, या पैशांना उधळपट्टी म्हणू नका. गोठ्यातल्या कामाची मजुरी कुणी कुणाला देत नाही. दुधाचा पगार घरच्या नावाने येतो, पण त्यामागचे पहाटेचे हात बहुतेक घरांत एकाच बाईचे असतात. तिला वर्षातून एक दिवस गाईची आठवण न काढता घरच्यांबरोबर बसू देणे ही मेहेरबानी नव्हे, तिची ती बाकी आहे.

तेव्हा आज संध्याकाळी दूध घालून आलात की शेजारी जा आणि दिवस ठरवा. मात्र तुमची सहल झाल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांच्या गाई तुम्हाला बघायच्या आहेत, हे तेवढे लक्षात ठेवा.