मागचे आसन

जुन्या वस्तूंच्या बाजारात मोटारगाडीइतकी पारखायला अवघड वस्तू क्वचितच असेल. जुने पुस्तक घेणाऱ्याला त्याची पाने मोजता येतात. जुने घर घेणाऱ्याच्या हाताला भिंतीतली ओल लागते. गाडीचे गतायुष्य मात्र पत्र्याच्या आत, तेलाच्या थराखाली आणि पूर्वीच्या मालकाच्या स्वभावात दडलेले असते. त्यातून गाडी डिझेलवर चालणारी हवी, बसायला सुखाची हवी, सोयींनी युक्त हवी आणि मोजक्या पैशांत हवी, असा चौपदरी हट्ट असेल तर या अटी लवकरच एकमेकींशी भांडू लागतात. पहिल्या तीन पुऱ्या कराव्यात तर चौथी मोडते. चौथी पाळावी तर पहिल्या तिन्हींपैकी कोणती सोडायची हे ठरवावे लागते. ते ठरवताना माणसाला गाडीपेक्षा स्वतःच्या संसाराचीच अधिक चौकशी करावी लागते.

डिझेलचे आणि भारतीय मध्यमवर्गाचे नाते मुळात काटकसरीचे. रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्यात ठिणगी पाडावी लागत नाही. कोंडलेली हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेले इंधन आपोआप पेटावे, हे त्याचे सूत्र. अशा इंजिनातून थोड्या इंधनात पुष्कळ काम निघते. म्हणून ते प्रथम कारखाने, जहाजे, मालमोटारी आणि एस.टी. यांच्या वाट्याला आले. घरगुती गाडीत त्याची धडधड आणि धूर कोणाला नको असे. १९९८ च्या डिसेंबरात टाटांची इंडिका आली आणि लहान कुटुंबालाही डिझेलची गाडी परवडू शकते हे दिसले. पुढे फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन मारुतीपासून टाटांपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसू लागले. २०१२ साली दिल्लीत पेट्रोलचा लिटर सत्तर रुपयांच्या वर गेला तेव्हा डिझेल एक्केचाळीस रुपयांच्या आसपास मिळत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या किमतीवरील नियंत्रण उठवले आणि ही दरी मिटत गेली. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल काही काळ पेट्रोलपेक्षा महाग झाले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे कडक प्रदूषण-नियम लागू झाले. लहान इंजिनाला ती यंत्रसामग्री जोडणे परवडेना, म्हणून मारुतीने डिझेलच्या गाड्या बनवणेच थांबवले. लहान आणि स्वस्त डिझेल गाडी त्यानंतर बव्हंशी जुन्या बाजारातच उरली.

या बाजारात २०२४ साली इंदूरचे एक प्राध्यापक उतरले. इतिहास हा त्यांचा विषय. यंत्रांशी संबंध स्कूटरपुरता. त्यांची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई धुळ्याला राहत्या घरी एकटी राहते. घर सोडायला ती तयार नाही आणि मणक्याच्या दुखण्यामुळे एस.टी.चा प्रवास तिला झेपत नाही. इंदूर ते धुळे हे अंतर सुमारे २६० किलोमीटरचे. वाटेत खलघाटला नर्मदा, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट, शिरपूरजवळ तापी. महिन्यातून दोनदा मुलाने जायचे आणि उपचारांसाठी अधूनमधून आईला इंदूरला आणून पुन्हा पोहोचवायचे, असा क्रम ठरला. त्यासाठी पाच लाख रुपये बाजूला काढले होते. त्यात नवी, आईला सोसवेल अशी गाडी येत नव्हती.

प्राध्यापकांनी प्रथम हिशेब मांडला. महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला साडेबारा हजार किलोमीटर. मध्य प्रदेशात त्या वर्षी पेट्रोल १०६ रुपयांच्या आणि डिझेल ९२ रुपयांच्या आसपास होते. त्याच वजनाची पेट्रोलची गाडी लिटरला १४ आणि डिझेलची १९ किलोमीटर जाते असे धरले, तर किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचतात. म्हणजे वर्षाला सुमारे चौतीस हजार. आकडा दिसायला बरा होता. परंतु डिझेलच्या इंजिनात इंधन हजार बारहून अधिक दाबाने फवारले जाते आणि त्यासाठी लागणारे पंप व इंजेक्टर अतिशय सूक्ष्म मापाचे असतात. भेसळीच्या इंधनाने ते बिघडले आणि चारही बदलायची वेळ आली, तर वर्ष-दोन वर्षांची बचत एका दुपारी संपते. म्हणून डिझेल त्यालाच फळते ज्याचा रस्ता लांबचा आहे आणि ज्याने दुरुस्तीसाठी पैसे राखून ठेवले आहेत. केवळ भाजी आणायला आणि मुलांना शाळेत सोडायला जुनी डिझेल गाडी घेणारा मनुष्य स्वस्ताईच्या नावाखाली महागाईच विकत घेतो. प्राध्यापकांचा रस्ता लांबचा होता. राखीव म्हणून पन्नास हजार वेगळे ठेवून त्यांनी गाडीची मर्यादा साडेचार लाखांवर आणली.

याच मर्यादेत एका दलालाने त्यांना एक मोठी परदेशी बनावटीची सेडान दाखवली. चामड्याची आसने, छतात सरकणारी काच, सहा एअरबॅगा, आपोआप बदलणारे गिअर. नवी असताना ती पंधरा लाखांच्या पलीकडची होती. एवढी गाडी एवढ्या पैशांत कशी, याचे उत्तर तिच्या दिल्लीच्या क्रमांकात होते. राष्ट्रीय हरित अधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना राजधानी परिसरात बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्यामुळे दिल्लीतली डिझेल गाडी नववे वर्ष गाठू लागली की मालकाला घाई होई आणि ती परराज्यांकडे निघे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमाची धार काहीशी कमी केली. परंतु तोवर अशा असंख्य गाड्यांनी नवी गावे गाठली होती. तिथे त्यांची किंमत कायद्याने पाडलेली असे, यंत्राने नव्हे. घेणाऱ्याला हा लाभच होता. फक्त स्वस्तपणाची दोन कारणे असू शकतात हे त्याने विसरायला नको होते: एक कायद्याचे, दुसरे त्या आड लपलेल्या बिघाडाचे.

दुसरी गाडी इंदूरचीच होती: २०१६ सालची मारुती एस-क्रॉस, तेच १२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन, एकच मालक. छतात काच नव्हती आणि गिअर हातानेच बदलायचे होते. दोन एअरबॅगा आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. किंमत चार लाख चाळीस हजार.

दोन्ही गाड्या पाहायला प्राध्यापकांनी एका म्हाताऱ्या मेस्त्रींना सोबत घेतले. सकाळी गाडी सुरू करण्याआधी मेस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला. विकणाऱ्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिनाची कुरकुर ऐकू येत नाही. मग ते धुराकडे पाहत राहिले. काळा धूर म्हणजे इंधन अर्धवट जळते आहे, निळा म्हणजे इंजिनातले ऑइल जळते आहे, पांढरा रेंगाळत राहिला तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरते आहे. चालू इंजिनावरचे ऑइलचे झाकण त्यांनी उघडले. तिथून धुराचे जोरदार फुत्कार आले असते तर आतल्या रिंगा झिजल्याचे कळले असते. सीटबेल्ट त्यांनी शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करतात, पण पट्ट्याच्या गुंडाळलेल्या टोकावर चिखलाची रेघ राहून जाते.

प्राध्यापक हे सारे लक्ष देऊन पाहत होते, कारण ही रीत त्यांच्या ओळखीची होती. इतिहासात एका कागदावर कोणी विसंबत नाही. बखर काय म्हणते ते पत्रांशी आणि हिशेबाच्या वहीशी ताडून पाहावे लागते. सेडानच्या मीटरवर अठ्ठावन्न हजार किलोमीटर होते. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर मात्र एका बाजूने पार गुळगुळीत झाले होते आणि चालकाच्या आसनाची कड बसून बसून दबली होती. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यावरून चारही टायर एकदा बदलून तेही पुन्हा जुने झाल्याचे दिसत होते. सर्व्हिसची वही तिसऱ्या वर्षापर्यंत होती, पुढची पाने कोरी. एस-क्रॉसच्या मीटरवर एक लाख चार हजार किलोमीटर होते. आकडा ऐकून कोणीही मागे सरकला असता. परंतु तिची वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती आणि तिची पायपट्टी, तिचे आसन, तिचे टायर त्या वहीला दुजोरा देत होते.

“सर, मोठा आकडा खरा असला तर चालतो,” मेस्त्री म्हणाले. “लहान आकडा खोटा असला तर काय करणार?”

तरीही मन सेडानकडे ओढ घेत होते. मध्यमवर्गीय माणसाच्या मनात एक जुनी उपेक्षित इच्छा असते: जी गाडी शेजारच्या बंगल्यात उभी राहिलेली पाहिली, ती एकदा आपल्या दारात यावी. सोयींची यादी या इच्छेला चांगले निमित्त पुरवते. यादीत प्रत्येक सोय एक ओळ अडवते. छतातली काच आणि पाठीला मिळणारा आधार यांचे वजन तिथे सारखेच दिसते. त्या सोयी कोणाच्या शरीरासाठी आहेत हे यादी सांगत नाही.

त्या आठवड्यात आई उपचारासाठी इंदूरलाच होती. तिला दोन्ही गाड्यांत बसवून पाहावे असे ठरले. सेडानचे मागचे आसन खोल आणि जमिनीलगत होते. ती एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने मुलाचा खांदा धरून आत उतरली. मऊ चामड्यावर तिने कौतुकाने हात फिरवला. बाहेर पडताना मात्र गुडघे कमरेच्या वर आले, पाठ वाकली आणि तिला दोनदा पुन्हा खाली बसावे लागले.

“अरे, ही गाडी आहे की आड?” ती हसत म्हणाली. “आत जायला होतं, वर यायला दोर लागेल.”

हसताना तिच्या कपाळावर घाम आला होता, हे मुलाने पाहिले. एस-क्रॉसचे आसन तिच्या कमरेच्या उंचीला होते. तिने पाठ टेकवली आणि सरकत आत आली. पाय जमिनीवर सपाट टेकले. गाडी गल्लीतल्या गतिरोधकांवरून नेली तेव्हा तिने दारावरची मूठ धरली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “पिशवी ठेवायला जागा आहे. चल, निघू या.”

निर्णय तिथेच झाला असे म्हणता येईल. पण एक प्रश्न उरला होता आणि तो गाडीच्या किमतीत मोजता येणारा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. २०१६ सालची भारत स्टेज चारची ही गाडी धुरातले सूक्ष्म कण अडवणारी गाळणी सोबत घेऊन आलेली नव्हती. २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक कमी झाले, तरी काजळी काजळीच. एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीचे सुख आणि वाटेवरच्या अनोळखी माणसांचा श्वास यांची तुलना कोणत्या तराजूत करायची? दिल्लीच्या नियमाविषयी त्रासलेले मालक जे बोलत ते प्राध्यापकांना पटत असे. परंतु त्या नियमामागे मुलांची फुप्फुसे आहेत हेही त्यांना नाकारता येत नव्हते. त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. इंदुरातली कामे पूर्ववत स्कूटरवर. गाडी केवळ धुळ्याच्या वाटेसाठी आणि आईसाठी. इंजेक्टर आणि हवेची गाळणी वेळच्या वेळी तपासायची. यामुळे प्रश्न सुटत नाही हे त्यांना ठाऊक होते. तो लहान मात्र होतो.

कागदपत्रे सोपी झाली. गाडी त्याच राज्यातली असल्याने ना-हरकत दाखला लागला नाही आणि पथकर पुन्हा भरावा लागला नाही. सेडान घेतली असती तर हे दोन्ही खर्च किमतीवर चढले असते. मालकी बदलाचे २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरले, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहून घेतली आणि विम्यावर नाव लावले. राखीव पन्नास हजारांतून पहिल्याच महिन्यात दोन टायर, पुढच्या चाकांचे झिजलेले बुश आणि सारी तेले बदलली गेली. मेस्त्रींनी निरोप देताना एवढेच बजावले की घाटात इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या खाली जाऊ देऊ नका, टर्बोचा जोर तिथे संपतो. चढण दिसली की आधीच एक गिअर उतरवा.

बिजासनच्या चढावर प्राध्यापक आता तसेच करतात. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मालमोटारींच्या रांगेमागून संथपणे वर जाते. मागच्या आसनावर आई बहुधा झोपलेली असते. पूर्वी सेंधव्याला पोहोचेपर्यंत ती तीनदा थांबायला सांगत असे. आता चहासाठी एकदा थांबतात, तेही मुलाला हवा असतो म्हणून.