पोहण्याच्या तलावाची पावडर आणि एक मग

मे महिन्यातली दुपार. तारकर्लीजवळ होमस्टे चालवणारे एक गृहस्थ खोकत दवाखान्यात आले. "डॉक्टरांनू, श्वास घेवक जमणा नाय!" डोळे लाल, छातीत सूं-सूं आवाज. लहान तलावात टाकायची क्लोरीनची पावडर त्यांनी ज्या मगने काढली, त्याच मगने सकाळी फरशीचे ॲसिड ओतले होते. तळाशी उरलेले थोडेसे ॲसिड पुरले.

ॲसिड आणि ही पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून बंद खोलीत खालीच साचतो. श्वासनलिकेच्या ओलाव्यात मिसळून तो आतून भाजतो. त्रास काही तासांनी वाढूही शकतो, म्हणून ऑक्सिजन देऊन त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले. ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडी जलतरण तलावात क्लोरीनची गळती झाली, तेव्हा पोहायला आलेल्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले होते.

विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आपल्या ओळखीची. ताजी असताना तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. तलावासाठीच्या दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये 65 ते 70, तर ट्रायक्लोरच्या गोळ्यांत 90 टक्क्यांच्या आसपास. म्हणून विहिरीचा अंदाज तलावाला लावू नका. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळूही नका. स्फोट होऊ शकतो.

एवढे पाळा:

- आपल्या दमट हवेत पावडर लवकर निकामी होते. महिन्याभरापुरतीच घ्या.
- मूळ डब्यात, घट्ट झाकण लावून, कोरड्या व हवेशीर जागी, मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा.
- ॲसिड वेगळ्या जागी ठेवा. होडीचे डिझेल, ऑइल, रंगही जवळ नकोत; आग भडकते.
- प्रत्येकाचा मग वेगळा आणि कोरडा.
- पावडर पाण्यात टाका, पावडरीवर पाणी ओतू नका.

वास घशाला झोंबला तर काही आवरत बसू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने मोकळ्यावर या. डोळ्यांत गेले तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. खोकला किंवा धाप लागली तर 108 ला फोन करा. दमेकऱ्यांनी तर वाट पाहूच नये.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी बरे होऊन घरी गेले. त्या रात्री मी घरी येऊन न्हाणीघर पाहिले. ब्लीच आणि ॲसिड एकाच फळीवर शेजारी-शेजारी! तुमच्याकडे काय आहे, आज बघाच.