एकच घुटका

फराळाच्या ताटात दर दिवाळीला एखादा नवखा पाहुणा येऊन बसतो. एके वर्षी चॉकलेटच्या करंज्या आल्या, एके वर्षी बिनसाखरेचे लाडू आले. जुन्या चकल्या आणि अनारसे थोडे सरकून त्यांना जागा करून देतात. गोड पदार्थाचे गोत्र आपण फारसे विचारीत नाही. चव बरी असली की तो घरचाच.

या वर्षी मात्र आलेल्या पाहुण्याचे गोत्र विचारणे भाग पडले. तो ताटात नव्हे, अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात आला. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला नागपुरास आला तो एक डझन इवले पेले घेऊन. "आत्या, यंदा तुला संत्राबर्फी प्यायला घालतो," त्याने जाहीर केले. बर्फी खायची की प्यायची, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापिकेला पडणारच. तेव्हा कळले की हल्ली मिठाईच्या चवीची मद्ये घरोघर करतात, ती एका दमात घशाखाली उतरवायची असतात, आणि त्यांना 'शॉट' म्हणतात.

"गोळी म्हणू?" मी विचारले. त्याला ते औषधासारखे वाटले. मग मी 'घुटका' सुचवला. त्याने तो शब्द लगेच उचलला, पण माझी आई देवघरातून ओरडली, "अरे बाप्पा, गुटखा? त्याच्यावर तर बंदी आहे ना!" दोन अक्षरांच्या अदलाबदलीने 2012 चा सरकारी हुकूम आमच्या स्वयंपाकघरात शिरला. भाच्याने आजीला समजावले की गुटख्यावर बंदी आहे, घुटक्यावर नाही. तेही पूर्ण खरे नव्हे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात आजही मद्य प्यायला परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचविशी ओलांडावी लागते. त्याने सत्तावीस वर्षांचा जन्मदाखला तोंडी सादर केला आणि परवाना फोनवर दाखवला. मग माझ्याजवळ नकाराचे कायदेशीर कारण उरले नाही.

करण्याची रीत मी पाहत होते, आणि खरे सांगायचे तर मला ती आवडली. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची पहिली फळे बाजारात येतात. त्यांच्या अंगावर अजून हिरवी झाक असते आणि रस जिभेला चिमटा काढतो. मला वाटले, हा रस काढील. त्याने तो काढून बाजूला ठेवला आणि सालच हाती घेतली. संत्र्याचा वास रसात थोडा आणि सालीतल्या तेलात फार; हे तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यात विरघळते. म्हणून चार फळांची केशरी साल, आतला पांढरा भाग खरवडून, त्याने काचेच्या बरणीत वोडकात बुडवली आणि चार दिवस झाकून ठेवली. वोडका हळदीच्या पाण्यासारखी पिवळी झाली. दूध त्याने बासुंदीसारखे आटवले, त्यात खवा मोडला आणि ते गाळून पूर्ण गार केले. रस का नको, तेही त्याने सांगितले: आंबट रस दुधात पडला की दूध फाटते. हे तर माझ्या आजीलाही ठाऊक होते. संत्र्याची बासुंदी करताना ती फोडी नेहमी शेवटी, दूध गार झाल्यावरच घालीत असे.

मग पेला भरण्याचा सोहळा. साखर जास्त ते जड, मद्य जास्त ते हलके. तळाशी साखरेचा दाट पाक, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू ओघळवलेले दूध, आणि सर्वांत वर ती पिवळी वोडका. तीन थर एकमेकांत न मिसळता उभे राहिले. प्रत्येक थर दहा मिलीलिटर, पेला एकूण तीसचा. चार दिवसांची तयारी आणि क्षणाचा घोट! आपल्या अनारशांचे पीठ यापेक्षा निराळे काय करते?

आम्हा मराठीच्या शिक्षकांना प्याला म्हटला की सावनेर आठवते. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरल्या त्या गावी 23 जानेवारी 1919 रोजी राम गणेश गडकरी गेले, आणि त्याच वर्षी त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्याआधी 1913 साली खाडिलकरांनी 'विद्याहरणा'त शुक्राचार्यांची कथा घेतली होती. कचाची राख मदिरेत कालवून दैत्यांनी ती गुरूला पाजली. मिश्र मद्याचा आपल्याकडला सर्वांत जुना किस्सा हाच म्हणायचा! मी हा विनोद वर्गात नेहमी करते आणि मुले नेहमी हसतात. पण या वेळी भाच्याच्या पेल्याकडे पाहताना त्या कथेतली एक गोष्ट नव्याने लक्षात आली. शुक्राचार्य काही मूर्ख नव्हते. आत काय कालवले आहे ते त्यांना चवीवरून कळले नाही, एवढेच.

दारू मुळात गोडाचीच लेक. आमच्या विदर्भाच्या जंगलात मोहाची फुले वेचतात. ती इतकी गोड असतात की वाळवून त्यांचे लाडूही करतात. तीच फुले भिजवून आंबवली की त्यांतली साखर किण्व खाऊन टाकते आणि मद्य उरते. गोडी जाते, तिखट धार येते. ही धार म्हणजे दारावरचा रखवालदार. पहिल्या घोटाला ठसका लागतो, तोंड वाकडे होते, आणि माणसाला कळते की आपण कुठल्या घरात पाऊल टाकीत आहोत. मिठाईचा घुटका गेलेली गोडी परत आणतो, आणि रखवालदाराला रजा देतो. मी मनाशी हिशेब केला: पेल्यात वोडका दहा मिलीलिटर, म्हणजे असे सहा पेले मिळून साठाचा एक मोठा पेग. आणि बर्फीचे सहा तुकडे सहज खाणारी माणसे आमच्या कुटुंबात पुष्कळ आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळी जमली. पेले रिकामे झाले, वाहवा झाली. मीही एक चाखला. चव खरोखरच संत्राबर्फीची होती. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनी ते पेले मोरीत पाहिले, एक उचलून नाकाशी नेला आणि चटकन खाली ठेवला.

"बाई, हे दारूचं होय?"

मी हो म्हटले.

"इतकुशा गिलासात?" त्या हसल्या. मग पेला घासता घासता म्हणाल्या, "आमच्या घरचा बी पयले इतकुसाच होता."

भाचा दारात उभा होता. त्याने ते ऐकले.

दरवर्षी मी वर्गात सिंधूबद्दल बोलते. वकिलीची सनद गेल्याच्या अपमानात सुधाकर पहिला प्याला घेतो, आणि त्याची किंमत सिंधू दळण दळून भरते. मुलांना ते जुने, भडक वाटते. पण 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून हजारो बायका पायी चालत नागपूरच्या अधिवेशनावर आल्या, त्या काही नाटकातल्या नव्हत्या. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी 2015 साली आली आणि 2021 साली उठली. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. बंदीने दारू थांबते की चोरवाटेने जाते, यावर विद्वानांनी वाद घालावा. त्या बायकांनी मात्र चवीचा प्रश्न विचारला नव्हता. घरातला पगार कुठे जातो, रात्री कोण मार खातो, एवढेच त्या विचारीत होत्या.

म्हणून मी भाच्याला पेले फेकायला सांगितले काय? नाही. जे सर्वांसमोर, दिवसाउजेडी, मोजूनमापून केले जाते, ते लपूनछपून केल्यापेक्षा बरे, असे मला वाटते. पण दुसऱ्या बरणीसाठी तो साल खरवडायला बसला तेव्हा मी त्याच्या हातातली सुरी अडवली. "आतला पांढरा भाग थोडा राहू दे."

"कडू होईल, आत्या."

"होऊ दे. जिभेला कळू दे."

आईसाठी मी संत्र्याची बासुंदी केली, बिनमद्याची, फोडी शेवटी घालून. भाच्याचा दुसरा घुटका पहिल्याइतका गोड झाला नाही. शेवटी जिभेवर बारीकसा कडवटपणा रेंगाळत राहिला, आणि बहुतेकांनी एकावरच हात आखडला. बाईंना फराळाचा डबा भाच्याने स्वतः भरून दिला. त्यात संत्राबर्फी होती, खायची.